कुंडीतले पिवळे पान आणि जादा खत

पान पिवळे पडते ते हरितद्रव्य कमी झाल्यामुळे. पण नत्राचा अभाव, लोहाचा अभाव, कुजलेले मूळ, साचलेले क्षार, रस शोषणारी कीड किंवा पानाचे निव्वळ म्हातारपण, यांपैकी कशानेही हरितद्रव्य कमी होऊ शकते. त्यामुळे नुसत्या रंगावरून केलेले निदान बहुधा फसते. रंगाच्या आधी पाहायचे ते हे, की बिघडलेले पान फांदीच्या बुडाशी आहे की शेंड्याला.

झाडाला लागणाऱ्या 17 मूलद्रव्यांपैकी काही झाडाच्या अंगात हलती असतात, काही एकदा पानात गेली की तिथेच राहतात. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम हलती आहेत. त्यांचा तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतून ती काढून घेते आणि कोवळ्या फुटीला पुरवते. साहजिकच खालची पाने आधी बिघडतात. नत्र कमी असेल तर जुने पान शिरांसकट सगळेच फिकट होते. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. पालाश कमी असेल तर पानाच्या कडा करपतात. लोह, कॅल्शियम आणि बोरॉन मात्र जागचे फारसे हलत नाहीत. जुन्या पानात साठा असूनही शेंड्याच्या फुटीला ते मिळत नाहीत, म्हणून त्यांची लक्षणे नव्या पानांवर उमटतात.

जास्वंदीच्या शेंड्याची पाने लिंबासारखी पिवळी आणि त्यांवर हिरव्या शिरांची बारीक जाळी, हे चित्र महाराष्ट्रातल्या गच्च्यांवर हमखास दिसते. ही लोहाची उणीव. फ्रान्समध्ये युसेब ग्री यांनी 1840च्या दशकातच अशा पिवळ्या पानांना लोहाच्या क्षाराचे पाणी लावले की ती हिरवी होतात हे दाखवले होते. पण कुंडीतल्या मातीत लोह नसते असे क्वचितच घडते. ते असते, पण विरघळत नाही. मातीचा सामू साडेसातच्या वर गेला की लोह मुळांच्या उपयोगाचे राहत नाही. देशावरची काळी माती मुळातच विम्लधर्मी, त्यात बोअरचे जड पाणी. बादलीला आणि नळाच्या तोटीला पांढरा थर चढवणारे पाणी दोन-तीन वर्षांत कुंडीतल्या मातीचाही सामू चढवते. कोकणातली जांभ्याची लाल माती आम्लधर्मी असते, तिच्यात हा त्रास उशिरा सुरू होतो, पण पाणी जड असेल तर तीही कायमची सुटत नाही. बाजारात मिळणारे ईडीटीए प्रकारचे चिलेटेड लोह अशा मातीत लवकर निकामी होते, त्याची पानांवर फवारणी करणे बरे. मातीतून द्यायचे असेल तर ईडीडीएचए प्रकारचे लोह महाग असले तरी टिकते. पावसाळ्यात साठवलेले पाणी मिळाले तर त्याहून स्वस्त औषध नाही.

पावसाळ्यात दुखणे उलटे असते. जून-जुलैच्या संततधारेत पागोळ्यांखाली ठेवलेल्या कुंडीतले नत्र धुऊन जाते आणि ऑगस्टपर्यंत खालची पाने फिकट होतात. मात्र असाच पिवळेपणा भोक बुजलेल्या, पाणी तुंबलेल्या कुंडीतही येतो. फरक झाड अलगद उपसून पाहिल्यावर कळतो. निरोगी मुळे पांढरी व टणक असतात, कुजलेली तपकिरी, बुळबुळीत आणि वासाची. मूळच कुजले असेल तर खत घालून काही साधत नाही, नुकसान मात्र होते.

कुंडीतल्या झाडांच्या बाबतीत उपासमारीपेक्षा अजीर्ण जास्त आढळते, हे सहसा कोणी मान्य करत नाही. कारण मोजमापात आहे. बारा इंची कुंडीच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे 700 चौरस सेंटिमीटर. तिच्यात चहाचा एक चमचा, म्हणजे अंदाजे 5 ग्रॅम, युरिया टाकला तर हेक्टरी हिशोबाने ते 325 किलो नत्र होते. सुरू उसासारख्या खादाड पिकाला अख्ख्या हंगामात हेक्टरी 250 किलो नत्राची शिफारस आहे, आणि तेही हप्त्याहप्त्याने. ‘एक चमचा’ हे माप शेजाऱ्यापाजाऱ्यांत कितीही निरुपद्रवी वाटो, कुंडीत ते बेसुमार ठरते. शेतात मुळे खोल जाऊन तीव्र थर चुकवू शकतात, कुंडीत पळायला जागा नसते.

खताचे न वापरलेले क्षार मातीत साचले की मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटावे तसे मुळांतून पाणी बाहेर ओढले जाते. माती ओली असूनही झाड दुपारी मान टाकते, आणि पाहणारा ते तहानलेले समजतो. पानाचे टोक आधी तपकिरी होते, मग कडा करपत आत सरकतात. करपलेल्या आणि हिरव्या भागांतली सीमा बऱ्याचदा ठळक असते. मातीच्या पृष्ठभागावर आणि मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या अंगावर पांढरी पापडी धरते. पापडी नुसत्या जड पाण्यानेही धरते, त्यामुळे तेवढ्यावरून निकाल देऊ नये. पापडी, करपलेली टोके आणि नुकतेच घातलेले खत ही तिन्ही एकत्र दिसली तर मात्र शंका घ्यायला जागा नाही.

नत्र जास्त झाल्याची खूण वेगळी. पाने काळपट हिरवी, मोठी, मऊ आणि खाली वळलेली होतात, फुटवे लांबतात, मावा धाव घेतो आणि कळ्या मात्र येत नाहीत. मोगरा फोफावला पण फुलला नाही, या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते (उन्हाची कमतरता हे दुसरे कारण). फुलांसाठी म्हणून स्फुरदाचा मारा केला तर लोह आणि जस्त अडतात, पालाशचा केला तर मॅग्नेशियम आणि कॅल्शियम. म्हणजे जादा खतानेच अभावाची लक्षणे उभी राहतात, ती पाहून आणखी खत पडते आणि दुखणे वाढत जाते. डीएपीमध्ये स्फुरद 46 टक्के असते. दर महिन्याला डीएपीचे दाणे खाणाऱ्या गुलाबाची नवी पाने पिवळी पडली तर नवल नाही.

सेंद्रिय खत म्हणजे निर्धोक, हाही समज खरा नाही. न कुजलेले शेण कुंडीत तापते आणि त्यातून निघणारा अमोनिया मुळे जाळतो. मोहरीची किंवा शेंगदाण्याची पेंड भिजवून आंबवलेले पाणी पातळ न करता ओतले तर त्याचा परिणाम युरियापेक्षा फार सौम्य नसतो. जुने गांडूळखत मात्र सहसा दगा देत नाही.

उपाय सोपा, पण हात आखडता घ्यायला लावणारा आहे. पांढरी पापडी असलेला वरचा बोटभर थर खरवडून काढावा. कुंडी सावलीत ठेवून मातीच्या आकारमानाच्या दोन-तीन पट साधे पाणी हळूहळू ओतावे, ते भोकातून मोकळे वाहू द्यावे. खालच्या थाळीत साचलेले पाणी फेकून द्यावे, नाहीतर तेच क्षार पुन्हा वर चढतात. पाणी झिरपतच नसेल तर आधी भोक मोकळे करायला हवे, किंवा सरळ माती बदलावी.

खताच्या आणि मातीच्या हिशोबात न बसणारे पिवळेपण आले तर पान उलटे करावे. मार्च ते मेच्या कोरड्या उन्हात लाल कोळी पानाखाली बारीक जाळे विणतो. वरून पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके दिसतात. जास्वंदीच्या पेरांत कापसासारखा पिठ्या ढेकूण बसतो. त्याच्या चिकट विष्ठेवर काजळी चढते आणि मुंग्यांची रांग त्याचा पत्ता सांगते. गुलाबावर पावसाळ्यात येणारे काळे, झालरदार कडांचे गोल ठिपके बुरशीचे असतात. त्यांच्याभोवती पान पिवळे होऊन गळते. ती पाने वेचून दूर टाकावीत आणि पाणी पानांवर न टाकता बुंध्याशी घालावे. कोणत्याही अन्नद्रव्याची उणीव यातल्या एकाही दुखण्याला जबाबदार नसते. शिवाय बुडाचे एखादे जुने पान पिवळे होऊन गळणे हा झाडाचा नेहमीचा क्रम आहे, त्यावर इलाज करू नये.

करपलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. म्हणून उपाय लागू पडला की नाही हे जुन्या पानांवरून न ठरवता दोन-तीन आठवड्यांनी आलेल्या नव्या फुटीवरून ठरवावे. फूट निरोगी असेल तर 19:19:19सारखे विद्राव्य खत लिटरला अर्धा ते एक ग्रॅम या प्रमाणात, माती आधी ओली करून, पंधरवड्यातून एकदा द्यायला हरकत नाही. ऑक्टोबरात छाटलेल्या गुलाबाला पहिले खत फुटवे दिसू लागल्यावर द्यावे. मोगरा डिसेंबर-जानेवारीत विश्रांतीला जातो, तेव्हा त्याचे पाणी कमी करावे आणि खत पूर्ण थांबवावे.