न दिसणाऱ्या कामाचा विस्तार

ज्या कामाचे फळ गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना दिसते, त्याचा धंदा वाढविणे त्या मानाने सोपे. रंगाऱ्याने रंगविलेली भिंत घरधनी पाहतो, सुताराने बसविलेले दार तो दोनदा उघडून-लावून पाहतो, आणि मन भरले म्हणजे पैसे मोजतो. परंतु ज्याचे काम भिंतीच्या आत आणि माळ्यावरच्या अंधारात चालते, आणि ते खरोखर झाले की नाही हे पारखण्याचे साधन गिऱ्हाइकाजवळ सहसा नसते, अशा कारागिराने आपला एकट्याचा व्यवसाय इतरांच्या हाती सोपवावयाचे ठरविले, तर त्याच्यापुढे उभा राहणारा प्रश्न भांडवलाचा कमी आणि सचोटीचा अधिक असतो. अमेरिकेत घरोघरच्या एअर डक्टची सफाई करणारांचा व्यवसाय हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे.

आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या घरांत ज्या त्या खोलीचे वातानुकूलन यंत्र त्या खोलीपुरतेच असते, आणि डक्ट दिसतात ते रुग्णालयांत, चित्रपटगृहांत आणि मोठ्या कचेऱ्यांत. अमेरिकेतील असंख्य स्वतंत्र घरांत मात्र तळघरात किंवा माळ्यावर एकच मध्यवर्ती यंत्र बसविलेले असते. त्याने ऊन किंवा गार केलेली हवा डक्टमधून खोल्याखोल्यांत जाते आणि दुसऱ्या डक्टमधून परत येते. या अखंड येरझारीत धूळ, पाळीव प्राण्यांचे केस, बांधकामाच्या वेळी राहून गेलेला भुसा, आणि ओल असेल तेथे बुरशी, हे सारे साचत जाते.

सफाईची रीत अशी : यंत्र बंद करून जाळ्या झाकावयाच्या, मुख्य डक्टला छिद्र पाडून त्यास शक्तिमान शोषक यंत्र जोडावयाचे, आणि आत ऋण दाब निर्माण झाला म्हणजे एकेका फाट्यात दाबाच्या हवेने सळसळणारे चाबूक अथवा फिरते ब्रश सोडून, सुटलेला केर शोषकाकडे लोटीत न्यावयाचा. शोषकातून बाहेर पडणारी हवा घरातच सोडावयाची असेल, तर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडविणारा हेपा फिल्टर मध्ये असावा लागतो. त्यानंतर पंखा, कॉइल आणि पाण्याचे तबक स्वच्छ करून पाडलेले छिद्र पत्र्याने बंद करावयाचे. पत्र्याच्या डक्टला सोसणारा ब्रश लवचिक डक्टला फाडून टाकतो. म्हणजे कोणत्या ठिकाणी कोणते हत्यार वापरावे, हा विवेकही कामाचाच भाग ठरतो.

या धंद्याची संघटना, जिला ‘नाडका’ या आद्याक्षरी नावाने ओळखतात, ती 1989 साली स्थापन झाली. तिने सफाईचे लेखी प्रमाण ठरविले आणि परीक्षा घेऊन तज्ज्ञाचा दाखला देण्याची पद्धत घातली. तथापि, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1997 मध्ये गृहस्थांसाठी काढलेल्या पुस्तिकेत स्पष्ट लिहून ठेवले आहे, की डक्टच्या सफाईने आरोग्याच्या तक्रारी टळतात असे कधीही सिद्ध झालेले नाही. बुरशी प्रत्यक्ष दिसत असेल, उंदीर वा किडे शिरले असतील, किंवा जाळ्यांतून धूळ खोलीत उडण्याइतके डक्ट तुंबले असतील, तर सफाई करावी, केवळ वर्ष सरले म्हणून नव्हे. एका यंत्रणेच्या सफाईस साधारण 450 ते 1000 डॉलर पडतात, असे हीच संस्था सांगते. असे असता, सबंध घर 99 डॉलरांत साफ करून देण्याच्या जाहिराती पत्रपेटीत येऊन पडतात. हे लोक आल्यावर अर्ध्या तासात वारा फुंकून, बुरशीची भीती घालून, औषध फवारणीच्या नावाखाली शेकडो डॉलर उकळतात. धंद्यातले लोकच या रीतीला ‘ब्लो अँड गो’ म्हणून हिणवितात. यास्तव प्रामाणिक कारागिराची खरी मालमत्ता शोषक यंत्र नव्हे. तुमच्या डक्टला आज सफाईची गरज नाही, असे सांगून परत फिरण्याची त्याची तयारी, हीच ती होय.

एकटा माणूस ही तयारी सहज राखतो, कारण फोन घेणारा, गाडी हाकणारा, ब्रश फिरविणारा आणि पावती फाडणारा इसम एकच असतो. पण दिवसाचे तास मोजकेच. दोन घरे झाली की संध्याकाळ होते, आणि त्याला ताप आला तर त्या दिवशी जमेची बाजू कोरी राहते. मग तो मदतनीस ठेवतो, आणि पुढेमागे दुसरी गाडी घेतो. येथे हिशेब नीट पाहावा. उदाहरणादाखल धरू, की दुसऱ्या तुकडीतील दोघांना ताशी 20 डॉलर वेतन आहे. आठ तासांचे 320 डॉलर झाले. त्यावर सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरचा मालकाचा वाटा 7.65 टक्के धरला, म्हणजे रोजची रक्कम 344 डॉलरांच्या घरात गेली. पाचशे डॉलरांची दोन कामे मिळाली तर दिवस उत्तम. परंतु एक काम ऐन वेळी रद्द झाले, तर जेमतेम दीडशे डॉलर उरतात, आणि त्यांतून गाडीचा हप्ता, इंधन, विमा आणि जाहिरात भागवावयाची असते. म्हणून पहिल्या तुकडीची कामे कित्येक आठवडे आधीच ठरलेली राहत नसतील, तर दुसरी गाडी ही वाढ नसून कर्ज होय.

कायद्याचा तपशीलही एकट्याच्या काळी नसतो इतका वाढतो. 1938 च्या श्रममान कायद्याप्रमाणे आठवड्यास 40 तासांवरील कामाला दीडपट वेतन द्यावे लागते, आणि एका घराहून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळही कामातच धरला जातो. कामगाराला कागदोपत्री स्वतंत्र मक्तेदार ठरवून हा खर्च टाळणारा मालक पुढे दंडाच्या फेऱ्यात सापडतो. कामगारांच्या अपघाताचा विमा बहुतेक राज्यांत सक्तीचा आहे. काही राज्यांत डक्ट उघडण्यासाठी वेगळा परवाना लागतो. आणि जुन्या घरांतील डक्टवर अ‍ॅस्बेस्टॉसचे वेष्टन असण्याचा संभव असल्यामुळे, तसा संशय येताच काम थांबविण्याचा हुकूम प्रत्येक तुकडीला आधीच दिलेला असावा लागतो.

परंतु सर्वांत अवघड भाग म्हणजे मालकाच्या हातातले आणि मनातले दुसऱ्याच्या हाती उतरविणे. जे तो सवयीने करीत होता, ते कलमवार लिहून काढावे लागते : जाळ्या झाकण्याचा क्रम, छिद्राची जागा, ब्रशची निवड, आणि काम नाकारण्याचे प्रसंगदेखील. प्रत्येक तुकडीवर एक मुकादम नेमून, सफाईपूर्वीची व नंतरची, त्याच जागेची आणि त्याच कोनातून काढलेली छायाचित्रे त्याने गिऱ्हाइकाला दाखवून दप्तरी दाखल करावीत, असा शिरस्ता घालावा लागतो. अदृश्य काम दृश्य करण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही. वेतनाची रीतही येथे निर्णायक ठरते. जादा विक्रीवर दलाली दिली, की तोच मुकादम नसलेली बुरशी दाखवू लागतो. घरामागे ठोक मजुरी दिली, की दूरचे फाटे वगळले जातात. म्हणून तासाचे वेतन, आणि तक्रार न येता पार पडलेल्या कामावर थोडे बक्षीस, ही व्यवस्था अधिक हितावह होय.

मंदीच्या दिवसांसाठी जोडधंदाही असावा. कपडे वाळविण्याच्या यंत्रातून गरम हवा बाहेर नेणारी नळी तंतूंनी तुंबते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अंदाजाप्रमाणे अशा यंत्रांमुळे घरांत वर्षाला सुमारे 2900 आगी लागतात, आणि सफाई न करणे हे त्यांचे प्रमुख कारण आहे. तिची गरज गिऱ्हाइकाला पटवून द्यावी लागत नाही, आणि नवशिक्या तुकडीला हात बसविण्यासही ते काम सोयीचे पडते. न्यू जर्सीत किंवा शिकागोत ज्यांची मुले राहतात, त्या वाचकांनी त्यांना एवढे जरूर कळवावे, की डक्टआधी ही नळी तपासा, 99 डॉलरांची जाहिरात केरात टाका, आणि जो आधी पाहणी करून, तज्ज्ञाचा दाखला व विम्याचा कागद समोर ठेवतो, त्यालाच काम द्या.

व्यवसाय करणाराला मात्र एकच कसोटी सांगता येईल. त्याने एक आठवडाभर कामापासून दूर राहावे, आणि परत आल्यावर त्या आठवड्याची छायाचित्रे, तक्रारी आणि जमाखर्च तपासावा. ते आधीच्या आठवड्यांहून वेगळे निघाले नाहीत, तर तिसरी तुकडी खुशाल उभी करावी. वेगळे निघाले, तर तिसऱ्या गाडीचे पैसे बँकेत ठेवून आधी पहिल्या दोन तुकड्या सुधाराव्यात.