स्वस्त, पण सुरक्षित अंथरूण

लेकीच्या हट्टापायी ऐन थंडीत घरात दोन गिनीपिग आले आणि आठवडाभरातच त्यातलं एक शिंकू लागलं. बोथमध्ये लाकडाचा भुसा स्वस्तात मिळाला, म्हणून मी पिंजऱ्यात तोच पसरला होता. पशुवैद्यांचा पहिला प्रश्न होता, "खाली काय घालता?"

भुशाची बारीक धूळ श्वासात जाते आणि या जिवांची फुप्फुसं नाजूक असतात. देवदार किंवा चीड अशा उग्र वासाच्या लाकडाचा भुसा तर नकोच. आपला आदिलाबाद जिल्हा कापसाचा, मग कापूस घालावा का? तोही नको. तंतू पायांना गुंडाळतात. पोटात गेले तर आतडं अडू शकतं.

आता आम्ही वर्तमानपत्राचे सात-आठ थर, त्यावर जुना टॉवेल आणि सगळ्यांत वर फ्लीसचं कापड घालतो. फ्लीस ओल धरून न ठेवता खाली जाऊ देतं, म्हणून पाय कोरडे राहतात. जुनी गोधडी मात्र ओलीच राहते आणि ओलाव्याने तळपाय दुखावतात. नवं फ्लीस आधी दोन-तीनदा धुवावं, सुगंधी कंडिशनर टाळावा. दोन जोड असले की एक वाळतो, एक वापरात राहतो. ओला कोपरा रोज बदलावा, बाकी सगळं तीन-चार दिवसांनी.

औषधाने आणि कोरड्या अंथरुणाने शिंका थांबल्या. लेक आता रोज पिंजऱ्याशी नाक नेऊन बघते. आपल्याला जो वास क्षणभर झोंबतो, त्यात त्यांना दिवसभर राहावं लागतं.