पडद्याचें कुलूप

संगणक उघडा ठेवून आपण उठलों, तर आपलीं पत्रें व हिशेब वाटेल त्याच्या हातीं पडतात. म्हणून पडद्यास कुलूप लावावयाचें. परवलीचा शब्द देईल त्यासच तें उघडावें.

परंतु लिनक्स संगणकांवरील जुन्या एक्स पद्धतींत हें कुलूप म्हणजे इतरांसारखाच एक प्रोग्रॅम असतो. तो पडदा झाकतो व कळफलक ताब्यांत घेतो. दाराऐवजीं पहारेकरी उभा करावा, तसा हा प्रकार! त्यास भोंवळ आली कीं वाट मोकळी. जानेवारी २०२१ मध्यें लिनक्स मिंटवर मुलांनीं खेळतां खेळतां खरा आणि पडद्यावरचा, दोन्ही कळफलक बडविले, तों कुलूपच कोसळलें. तो दोष पुढें दुरुस्त झाला.

यावर उपाय दोन. पहिला, पहारेकऱ्यावर इतर कामें लादूं नयेत. १९९२ पासून चालत आलेल्या एक्सस्क्रीनसेव्हरनें २०२१ मध्यें चित्रें दाखविणें व शब्द विचारणें हीं कामें निराळ्या प्रोग्रॅमांकडे सोंपविलीं. दुसरा उपाय नव्या वेलँड पद्धतींतील सत्रकुलुपाचा. तेथें पडदा रंगविणारा मुख्य प्रोग्रॅमच दार धरून ठेवतो. शब्द विचारणारा मध्येंच कोसळला, तरी दार बंदच राहतें.

मोडल्यावरही जें उघडत नाहीं, तेंच भरंवशाचें कुलूप.