टीला तिरका, विहार सपाट
पडद्यावरचा डाव : लेखांक 9

सिरपूरच्या सुरंग टीला मंदिराचा आराखडा कागदावर पाहिला, तर त्यातली सगळ्यात जबर गोष्ट गायब असते: चढण. वरून पाहिलं की दगडी जिना म्हणजे आडव्या रेघांची पट्टी आणि वरच्या चौथऱ्यावरची पाच गर्भगृहं म्हणजे पाच चौकोन. प्रत्यक्षात पायथ्याशी उभं राहिलं की मान वर करावी लागते. पायऱ्या अंगावर येतात, आणि त्याही सरळ नाहीत; मधेच खचलेल्या, वाकलेल्या. 2005-06च्या सुमारास अरुणकुमार शर्मा यांनी इथे उत्खनन केलं. भूकंपाने पायऱ्यांची ही गत झाली, असं त्यांचं म्हणणं.

रायपूरकरांसाठी सिरपूर म्हणजे ऐंशीएक किलोमीटरवरची महानदीकाठची सहल. आपल्या भूमिका-खेळातली मोहीम सध्या तिथेच रेंगाळली आहे. खेळाडू जिन्याच्या पायथ्याशी पोचलेत, वर चौथऱ्यावर एक धनुर्धर टपून बसलाय. खेळासाठी चौथरा 30 फूट उंच धरू. चौकोनी नकाशावर ही उंची दाखवायची तर टोकनशेजारी आकडा लिहून ठेवायचा, आणि दर दोन फेऱ्यांनी कोणीतरी विचारणार, "तो वर आहे का खाली?" डीएमचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, अर्धा वेळ त्यातच जातो.

म्हणून आज आयसोमेट्रिक नकाशा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ज्यांनी एन. डी. भटांचं पुस्तक आणि ड्राफ्टर घेऊन रात्री जागवल्या, त्यांना हे प्रकरण ओळखीचं आहे. केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम फॅरिश यांनी 1822 मध्ये ही पद्धत नीट मांडली, ती यंत्रांच्या चित्रांसाठी. लांबी, रुंदी, उंची हे तिन्ही अक्ष कागदावर एकमेकांशी 120 अंशांत, आणि तिन्हींना एकच माप. दूरची वस्तू लहान होत नाही. खेळाला नेमकं हेच हवं असतं, कारण नकाशाच्या टोकाचं घरही 5 फुटांचंच राहायला हवं. भूमिका-खेळात हा प्रकार गाजला तो 1983च्या 'रेव्हनलॉफ्ट'मुळे. ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांच्या त्या साहसातल्या किल्ल्याचे नकाशे डेव्हिड सदरलँड यांनी असेच तिरके काढले होते. मनोरे, जिने, तळघरं असलेला तो किल्ला नुसत्या सपाट नकाशांवर कळणं कठीणच होतं.

आता करायचं कसं? चौकोनी नकाशा कोणत्याही चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, 45 अंशांत फिरवा आणि रुंदी तशीच ठेवून उंची 57.7 टक्के करा. प्रत्येक घराची शंकरपाळी होते. ही झाली खरी आयसोमेट्रिक. संगणकावरच्या खेळांमध्ये मात्र उंची सरळ 50 टक्के करतात, कारण दोन पिक्सेल आडवं, एक पिक्सेल उभं, असं गेलं की रेघ स्वच्छ येते. या पद्धतीला डायमेट्रिक म्हणतात. ऑनलाइन डाव मांडायच्या रोल20 या साधनात पानाच्या सेटिंगमध्ये ग्रिडचा प्रकार निवडताना दोन्ही नावं दिसतील. नकाशा ज्या मापाने दाबलाय तोच प्रकार निवडा. एवढ्यात गल्लत झाली तर डावीकडे जुळलेल्या रेघा उजवीकडे जाईपर्यंत घरं सोडून पळालेल्या असतात. फाउंड्री या तशाच दुसऱ्या साधनात मुळात चौकोनी आणि षटकोनी ग्रिड आहे, तिरक्यासाठी वेगळं मॉड्यूल बसवावं लागतं.

खरी गंमत मोजायला बसलं की सुरू होते. शंकरपाळी 64 पिक्सेल रुंद आणि 32 उंच धरा. एक घर पूर्वेला गेलात की टोकन 32 उजवीकडे, 16 खाली सरकतं. दक्षिणेला गेलात की 32 डावीकडे, 16 खाली. मग आग्नेयेला एक तिरकी चाल म्हणजे सरळ खाली 32 पिक्सेल, आणि ईशान्येला एक तिरकी चाल म्हणजे सरळ उजवीकडे 64. नियमाने दोन्ही चाली सारख्या, पडद्यावर मात्र एक दुसरीच्या दुप्पट! नवा खेळाडू हमखास म्हणतो, "खालचा राक्षस जवळ आहे, त्याला आधी मारू." डोळ्यावर जाऊ नका, घरं मोजा. पट्टीचं साधन वापरायचं असेल तर ते घरं मोजतंय की पिक्सेल, हे डाव सुरू व्हायच्या आधी एकदा तपासून घ्या.

उंचीचा घोळ याहून मोठा. या मापात 5 फुटांचा ठोकळा साधारण 32 पिक्सेल उंच काढतात. म्हणजे 5 फूट वर उभा असलेला माणूस आणि जमिनीवर एक तिरकं घर मागे उभा असलेला माणूस, दोघे पडद्यावर अगदी एकाच जागी. आपला धनुर्धर 30 फुटांवर आहे, म्हणजे तो सहा घरं मागे जमिनीवर उभा असल्यासारखा दिसणार. 'मॉन्युमेंट व्हॅली' या मोबाइल गेमने याच फसगतीवर कोडी रचली. आपल्याला इथे कोडं नको आहे. त्यामुळे चौथऱ्याची पुढची उभी बाजू गडद रंगवा, वरच्या फरशीचा रंग जमिनीपेक्षा वेगळा ठेवा, आणि वर उभ्या प्रत्येकाची सावली त्याच्याच पायाशी पाडा. माझ्या मते सावली सगळ्यात उपयोगाची. ती असली की आकडा न लिहिताही उंची कळते.

टोकनंही बदलावी लागतात. वरून काढलेली गोल टोकनं तिरक्या नकाशावर डब्याच्या झाकणांसारखी पडून राहतात. इथे उभी माणसं हवीत. पण सॉफ्टवेअर चित्राचा मध्य घराच्या मध्यावर बसवतं, म्हणजे आपल्या वीराची कंबर घरात आणि पाय पुढच्या घरात. उपाय सोपा आहे: चित्राच्या खाली, पायांच्या पलीकडे, माणसाच्या उंचीएवढी पारदर्शक जागा सोडा. आता मध्य पायांशी येतो. खोल्या दाखवायच्या असतील तर आपल्या बाजूच्या दोन भिंती गुडघ्याएवढ्याच ठेवा, नाहीतर आत काय चाललंय ते कोणालाच दिसणार नाही.

प्रकाश अडवणाऱ्या भिंती आखतानाही हिशेब पायाचाच. नजर अडवणारी रेघ भिंतीच्या तळाशी ओढायची, माथ्याशी नाही. तळाशी ओढली की भिंतीचा वरचा भाग अंधारात जातो आणि चित्र थोडं कुरूप दिसतं, हे खरं. माथ्याशी ओढली तर भिंतीमागची दोन घरं उगाच दिसू लागतात. मी कुरूप चित्र पत्करतो.

एवढा खटाटोप सगळीकडे करायचा का? मुळीच नाही. सिरपूरमध्येच आनंदप्रभू कुटी विहार आहे. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी पन्नाशीच्या दशकात इथे उत्खनन केलं आणि तो उजेडात आला. मधे अंगण, भोवती भिक्षूंच्या खोल्या, प्रवेशाच्या समोर बुद्धमूर्तीचं गर्भगृह. या वास्तूची सगळी गोष्ट तिच्या तळआराखड्यातच आहे: कोणत्या खोलीतून कुठे जाता येतं, कोण कुठे लपलंय. ती तिरकी केली की पुढच्या ओळीतल्या खोल्या मागच्यांना झाकतात, बदल्यात मिळत काहीच नाही. स्वस्तिक विहाराचंही तसंच. त्याला ज्या आकारावरून नाव पडलं, तो वरूनच दिसतो.

तेव्हा या आठवड्यात दोन पानं तयार ठेवा, विहाराचं चौकोनी आणि टील्याचं डायमेट्रिक. खेळाडू अंगणातून बाहेर पडले की पान बदला, आणि टोकनं आधीच दोन्ही प्रकारची बनवून ठेवा, कारण ऐन लढाईत ती शोधत बसलात तर सगळे चहाला उठतात. पुढच्या लेखांकात त्या वाकलेल्या पायऱ्यांवर पळताना तोल जातो की नाही, याचे फासे ठरवू.