घरबसल्या व्याख्यानें आणि श्रोत्यांची कुचंबणा

व्याख्यान ऐकावयाचें तर सभागृह गांठलेंच पाहिजे, हा नियम आतां राहिला नाहीं. २०२० च्या टाळेबंदीपासून वैद्यकापासून वेदान्तापर्यंत नाना विषयांचीं व्याख्यानें घरच्या संगणकावर दिसूं लागलीं, व वृद्ध मंडळी आणि गृहिणी यांस त्यांचा मोठाच लाभ झाला. परंतु तीं दाखविणारें सॉफ्टवेअर पुष्कळदां इतकें ओबडधोबड असतें कीं, वक्ता विद्वान असूनहि श्रोता अर्ध्यावर उठतो.

पुस्तकांतील एखादें वाक्य उमगलें नाहीं, तर आपण मागचें पान उलटतों. ही साधी मुभा येथें बहुधा नसते. व्हिडिओ मागें न्यावा, तर वक्ता मागें जातो आणि स्लाइड पुढचीच राहते. मध्येंच वीज गेली, तर पुन्हां नांव, गांव, हुद्दा भरून आरंभापासून बसावें! आमच्या थोरल्या काकूंनीं मधुमेहाच्या आहारावरील एक तासाचें व्याख्यान अशा रीतीनें तीनदां आरंभिलें. इन्शुलिन घेणाऱ्यांनीं जेवणाच्या वेळा कशा संभाळाव्या, हा शेवटचा भाग त्यांस अखेर मिळालाच नाहीं. त्यांना हवा होता तो नेमका तेवढाच.

अक्षरें पुसट दिसतात याचें कारण असें. वक्त्याचा पडदा व्हिडिओच्या रूपानें संक्षेपून पाठवितात. त्या संक्षेपांत चेहरा निभावतो, पण कोष्टकांतील आंकडे विरघळतात. स्लाइड्स निराळ्या पाठवून त्यांस वेळेच्या खुणा जोडल्या, म्हणजे अक्षरें स्वच्छ राहतात आणि हव्या त्या मुद्द्यावर जातांहि येतें. मग असें सर्रास कां होत नाहीं? कारण सॉफ्टवेअर विकत घेतो तो आयोजक, श्रोता नव्हे. आयोजकास हजेरी व नांवांची यादी हवी असते, ती चोख मिळते. कित्येक ठिकाणीं तर पुढें जाण्याची कळ मुद्दाम बंद ठेवितात. श्रोता चहा करावयास उठून गेला तरी यंत्र त्यास हजरच मांडतें, ती गोष्ट वेगळी.

याहून मोठी हानि संग्रहाची. एके काळीं पुष्कळ व्याख्यानें फ्लॅश किंवा सिल्व्हरलाइट या साधनांवरच दिसत. अडोबीनें ३१ डिसेंबर २०२० रोजीं फ्लॅशची जोपासना थांबविली व १२ जानेवारी २०२१ पासून त्यांतील मजकूर चालणेंच रोखलें. मायक्रोसॉफ्टनें सिल्व्हरलाइटचा आधार १२ ऑक्टोबर २०२१ रोजीं काढला. ज्यांचें रूपांतर कोणी केलें नाहीं, तीं व्याख्यानें पेटींत राहिलीं आणि किल्ली हरवली. वास्तविक ब्राउझरमध्येंच व्हिडिओ दाखविणारी एचटीएमएल ५ ही खुली पद्धति २०१४ सालींच प्रमाण ठरली होती. हातीं सहा वर्षें होतीं.

आपल्या मंडळानें असें व्याख्यान योजिलें, तर स्लाइड्सची प्रत आणि कोणत्याहि संगणकावर चालेल अशी साधी एमपी४ फाइल श्रोत्यांस मिळेल कीं नाहीं, हें ठराव होण्यापूर्वींच विचारून घ्यावें.