गूळ, साखर आणि आपला चहा

वर्ध्यात १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. गिरणीच्या साखरेऐवजी त्याने गुळाचा पुरस्कार केला; त्यामागे खेड्यातील रोजगाराचाही विचार होता. म्हणून गूळ वाटेल तितका खावा असे मात्र नव्हे. गुळातही मुख्यत्वे साखरच असते. गांधीजींनी १९४२ साली लिहिलेल्या आहारमानात गूळ अथवा साखर दिवसाला दीड औंस, म्हणजे सुमारे ४३ ग्रॅमच धरली आहे. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढास साधारण ५० ग्रॅमांहून कमी, शक्यतो २५ ग्रॅमांच्या आत, अशी मर्यादा सांगितली. चार कप चहात दोन-दोन चमचे घातले की ३० ग्रॅमांवर साखर झालीच! आमचे सांगणे इतकेच: दर आठवड्यास कपामागे पाव चमचा कमी करावा. जिभेला वळण लावले तसे लागते.