जपून ठेवलेले यंत्र

१९८२ साली फोर्ब्स आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांनी मिळून युरेका फोर्ब्स ही कंपनी काढली आणि तिचे विक्रेते मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांचे जिने चढू लागले. दारात उभे राहायचे, आत शिरकाव मिळवायचा आणि स्वच्छ दिसणाऱ्या गादीतून धूळ काढून दाखवायची. त्यापुढच्या चाळीसेक वर्षांत व्हॅक्यूम क्लीनर मध्यमवर्गीय घरांत आला खरा, पण झाडूची जागा त्याने घेतली नाही. ज्या गालिच्यांसाठी पाश्चात्त्य देशांत तो रुजला, ते गालिचे आपल्या फरशीच्या घरांत नव्हतेच. त्यामुळे कितीतरी घरांत तो दिवाळीच्या साफसफाईला माळ्यावरून उतरायचा आणि काम उरकले की पुन्हा वर जायचा. महागाची वस्तू, कमी वापरली तर जास्त टिकेल, हा त्यामागचा हिशेब. या काळाचा मागोवा घेताना तो हिशेब मला उलटा वाटतो. आपल्याकडचे व्हॅक्यूम क्लीनर वापराने झिजले त्यापेक्षा जपण्याने अधिक गेले असावेत, आणि याची कारणे त्या यंत्राच्या रचनेतच सापडतात.

त्या जुन्या, वायरवाल्या यंत्रातली मोटर मिक्सरमधल्या मोटरच्याच जातीची. कम्युटेटरवर घासणारे दोन कार्बन आणि मिनिटाला वीस-तीस हजार फेरे. धूळ ओढणारी हवा पिशवीतून, मग फिल्टरमधून गाळून याच मोटरवरून बाहेर पडते आणि जाता जाता तिला गार ठेवते. म्हणजे पिशवीची छिद्रे बुजली की फक्त सक्शन जात नाही, मोटरचे गार होणेही थांबते. अशा वेळी यंत्राचा आवाज चढतो आणि मोटरवर लोड आला असे सगळे म्हणतात. प्रत्यक्षात लोड उतरलेला असतो. ढकलायला हवाच नसल्याने पंखा मोकळा, मोटर आणखी वेगात आणि वीजही कमी खाते. मारते ती उष्णता. वाइंडिंगवरचे वार्निश भाजते, बेअरिंगमधले ग्रीस सुकते. आता वर्षातून एकदाच होणारी ती सफाई कसली असते, ते पाहा. रंगकामानंतरची पुट्टी, भिंतीचा खरवडलेला चुना, सिमेंटची भुकटी. पिशवीची छिद्रे बुजवायला याहून वाईट धूळ नाही, आणि नेमकी तीच सलग तासन् तास ओढली जाते. वर ती भरलेली पिशवी तशीच आत ठेवून यंत्र पुढचा अख्खा पावसाळा काढते. कोकणपट्टीच्या दमट हवेत त्या धुळीला ओल सुटते, कम्युटेटरचे तांबे काळे पडते, कार्बन आपल्या खाचेत अडकून बसतात. घडी घालून दाबलेला पाइप वळणावर चिरतो. पुढच्या दिवाळीला स्वीच दाबला की ठिणग्या आणि जळका वास, आणि घरचे म्हणतात, 'वापरलासुद्धा नाही हो फारसा!'

वापराने हे यंत्र किती चालायला हवे, याचा एक अधिकृत मापदंड उपलब्ध आहे. युरोपीय संघाच्या २०१३ च्या नियमावलीने सप्टेंबर २०१७ पासून अट घातली की मोटर किमान ५०० तास चालली पाहिजे आणि पाइप ४०,००० वेळा वाकवूनही वापरण्याजोगा राहिला पाहिजे. आठवड्याला एक तास धरला तर ५०० तास म्हणजे साडेनऊ वर्षे. वर्षाला दहा तास वापरणाऱ्या घरात याच मोटरने पन्नास वर्षे काढायला हवीत. कुठे निघतात? पण त्या चाचणीची पद्धत मला या आकड्यांपेक्षा बोलकी वाटते. यंत्र पिशवी अर्धीच भरलेली ठेवून चालवायचे, साडेचौदा मिनिटांनी अर्धा मिनिट थांबवायचे, आणि पिशवी व फिल्टर योग्य वेळी बदलत राहायचे. ५०० तासांचे आयुष्य हे निगा राखलेल्या यंत्राचे आयुष्य आहे. निगा म्हणजे पिशवी पाऊण भरली की रिकामी करणे किंवा बदलणे, स्पंजचा फिल्टर धुतल्यावर एक दिवस (पावसाळ्यात दोन) सावलीत खडखडीत वाळवूनच बसवणे, ब्रशच्या रुळावर गुंडाळलेले केस कात्रीने कापून काढणे आणि दर आठवड्या-पंधरवड्याला थोडे तरी चालवणे. याला खर्च जवळपास काहीच नाही.

यावर कोणी म्हणेल, हे पिशवीच्या जमान्याचे झाले. जेम्स डायसनने १९९३ मध्ये डीसी०१ बाजारात आणला आणि पिशवीच गेली. पिशवी गेली हे खरे, पण हवा गरागरा फिरवून धूळ वेगळी करणाऱ्या सायक्लोनला चकवणारी बारीक धूळ अडवायला मोटरच्या तोंडाशी फिल्टर राहिलाच, आणि पिशवी नाही म्हणजे बघायचे काही नाही या समजुतीने तो अधिकच दुर्लक्षित झाला. दुसरा आक्षेप वजनदार आहे. नव्या कॉर्डलेस यंत्रांत अनेकदा कार्बनच नसतो, मोटर सहसा जातच नाही, मग निगा कशाची? तिथे आयुष्य लिथियम बॅटरीवर ठरते हे मान्यच. मात्र बॅटरीला तर पडून राहणे आणखी घातक. पूर्ण उतरलेली बॅटरी महिनोन् महिने तशीच राहिली की तिचा व्होल्टेज इतका खाली जातो की आतले संरक्षक सर्किट पुन्हा चार्जच घेऊ देत नाही. निम्मी चार्ज करून, गरम माळ्याऐवजी थंड, कोरड्या कपाटात ठेवून, दोन-तीन महिन्यांनी तपासली तर ती पुष्कळ टिकते.

दुरुस्तीपेक्षा नवे स्वस्त पडते, हा तिसरा युक्तिवाद, आणि तो मला अर्धाच खोडता येतो. कार्बन गेलेले जुने यंत्र पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत सुटे भाग शोधून, मिक्सरवाल्याकडून थोडक्या पैशांत उठवता यायचे. चिकटवलेल्या, चिप बसवलेल्या बॅटरी पॅकचे तसे नाही. तिथे माल कंपनीचाच आणि भावही तिचाच. युरोपीय संघाने २०२४ च्या दुरुस्तीविषयक निर्देशात व्हॅक्यूम क्लीनरचे नाव घातले आहे. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राचे राइट टू रिपेअर पोर्टल सुरू झाले, त्यावर कंपन्या दुरुस्तीची माहिती देतात. मात्र सुटी बॅटरी मिळते का, केवढ्याला आणि घरी स्क्रू काढून बदलता येते का, हे तूर्त तरी पैसे मोजण्याआधी दुकानदारालाच विचारावे लागते.